हात आवरायला किती वेळ लागतो?

कन्हानच्या मुलांना मी मानसशास्त्र शिकवते. दरवर्षी कुणीतरी विचारतंच, “मॅडम, उतावळेपणा मोजणार कसा?”

सोपा मार्ग म्हणजे माणसालाच विचारणं. बॅरट यांच्या प्रश्नावलीच्या १९९५च्या आवृत्तीत ३० विधानं आहेत, गुण ३० ते १२०. लक्ष न टिकणं, विचाराआधी कृती, पुढचं न योजणं असे तीन पैलू त्यात वेगळे काढता येतात.

पण स्वतःविषयी माणूस किती खरं सांगेल? म्हणून मला लोगन आणि कोवन यांनी १९८४मध्ये मांडलेली पद्धत अधिक भावते. पडद्यावर खूण दिसली की बटण दाबायचं. मध्येच ‘बीप’ वाजला तर हात आवरायचा. बीप उशिरा वाजवत नेला की आवरणं अवघड होतं. त्यावरून थांबण्याचा वेळ काढतात. निरोगी तरुणाला साधारण पाव सेकंद पुरतो. नवलाची गोष्ट अशी, की या दोन मापांचा मेळ फारसा बसत नाही. प्रश्नावलीत उतावळा ठरलेला मुलगा इथे झटकन थांबूही शकतो.

तिसऱ्या चाचणीत विचारतात: आज पाचशे हवेत की महिन्याने हजार? तिचा अर्थ लावताना मी फार जपते. आमच्याकडच्या रोजंदाराने आजचे पाचशे उचलले, तर घरात पीठ संपलेलं असू शकतं.