बाजारातली सुई आणि आशाताईची पेटी

धानाच्या रोवण्या सुरू झाल्या, म्हणजे तापाचे दिवसही आलेच. आज औषधांविषयी बोलू.

मागच्या पावसाळ्यात आपल्या एका बहिणीला हुडहुडी भरून ताप आला. आठवडी बाजारात बसणाऱ्या एकाने तिला सुई टोचली, सलाईन लावली. दोन दिवसांच्या रोवणीची मजुरी त्यात गेली. ताप उतरला आणि आठवड्याने परत आला. तिला हिवताप होता, अन् त्या सुईत हिवतापाचं औषधच नव्हतं. तिच्या घरापासून चार घरं सोडून आशाताई राहते. तिच्या पेटीत तपासणीची पट्टी होती, गोळ्याही होत्या. दोन्ही फुकट!

फुकट म्हणजे हलकं, असं आपल्याला वाटतं. तसं नाही. ताप आला की आशाताई बोटातून रक्ताचा थेंब घेते आणि पंधरा-वीस मिनिटांत पट्टीवर कळतं. हिवताप मुख्यतः दोन प्रकारचा. फाल्सिपेरम मेंदूपर्यंत जाऊ शकतो, म्हणून त्याच्या गोळ्या लगेच सुरू करायच्या. व्हायवॅक्सचे जंतू यकृतात लपून बसतात. त्यांच्यासाठी तीन दिवस क्लोरोक्विन आणि चौदा दिवस प्रायमाक्विन देतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बरं वाटतं आणि उरलेल्या गोळ्या डब्यात जातात. मग काही आठवड्यांनी लपलेले जंतू बाहेर येतात. म्हणून चौदा दिवस म्हणजे चौदाच दिवस.

मात्र आपण गरोदर असू किंवा बाळाला अंगावर पाजत असू, तर गोळी घेण्याआधीच सांगायचं. गरोदरपणात आणि अगदी तान्ह्या बाळाला प्रायमाक्विन देत नाहीत. काहींच्या रक्ताला ही गोळी सोसत नाही. लघवी काळ्या चहासारखी झाली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जायचं.

लेकराला हगवण लागली तरी आधी सलाईन शोधू नका. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण टाकायची. अर्धी पुडी, अर्धं पाणी असा अंदाज नको. ते पाणी चोवीस तासांत संपवायचं, उरलं तर फेकायचं. सोबत झिंकच्या गोळ्या चौदा दिवस. पण लेकरू सुस्त पडलं, पाणीही पीत नसलं, तर क्षणभर थांबू नका, दवाखाना गाठा.

आपल्या भागात सिकलसेल घराघरात आहे. २०२३ पासून देशभर त्याच्या निर्मूलनाची मोहीम सुरू आहे. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने दुखण्याचे झटके कमी होतात. ते रोज घ्यावं लागतं, मधूनमधून रक्तही तपासावं लागतं. मूल हवं असेल, तर डॉक्टरांना आधी सांगायचं.

आता पैशाचं. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. तरी कधी "गोळ्या संपल्या" असं ऐकावं लागतं. तेव्हा मुकाट्याने घरी येऊ नका. कधी येणार ते विचारा, गावाच्या आरोग्य समितीत आणि ग्रामसभेत बोला. एकटीचं बोलणं वाऱ्यावर जातं, दहाजणींचं कागदावर येतं.

विकत घ्यावंच लागलं, तर डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहायला सांगा. तालुक्याला जनऔषधी केंद्र असेल, तर तिथे तेच औषध पुष्कळदा निम्म्याहून कमी किमतीत मिळतं. साध्या दुकानातल्या जेनेरिक गोळीवर मात्र छापील किंमत जास्त असू शकते, म्हणून भाव विचारूनच घ्या. पाकिटावरची मुदत बघा, पावती मागा. वाचता येत नसेल, तर शाळेत जाणाऱ्या लेकीकडून वाचून घ्या. पाकिटावर उभी लाल रेघ असेल, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका.

ती बहीण आता बरी आहे. पुढच्या तापाला तिने पट्टीवर रक्त तपासलं आणि चौदा दिवस चुलीजवळच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढल्या. गोळी घेतली की एक रेघ. चौदावी रेघ ओढली, तेव्हा तिनेच आशाताईला हाक मारून दाखवली.

तुमच्याही भिंतीवर जागा असेलच. जोहार!