शहराच्या हवेतील न दिसणारी धूळ

झाडू मारताना उडणारी धूळ आपल्याला दिसते. तिच्यातील जाड कण बहुतांशी नाकातच अडतात. आम्हांस अधिक चिंता वाटते ती न दिसणाऱ्या कणांची. २.५ मायक्रॉनहून बारीक, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाहूनही लहान असे हे कण थेट फुफ्फुसाच्या तळाशी पोहोचतात. डिझेलच्या धुरातून, जळत्या कचऱ्यातून काजळी निघते हे सर्वांस ठाऊक आहे. पण गंधक व नायट्रोजन यांच्या वायूंपासून हवेतच सल्फेट, नायट्रेटचे कण तयार होतात, हे थोड्यांनाच माहीत असते. मुंबईत हिवाळ्यात वारा मंदावला की हे सारे खालीच साचते. जानेवारी २०१६ मध्ये देवनारचा कचरा पेटला, तेव्हा शेजारच्या गोवंडीच्या वस्त्यांत धूर शिरला. पहाटे सफाईला निघणारे आपले बांधव नाकाला रुमाल बांधतात. त्याने हे बारीक कण फारसे अडत नाहीत.