गादीवरची हरकत
सातारा-सांगलीकडच्या जत्रांमधील मैदानी कुस्तीत पंचांच्या निर्णयावर हरकत घेण्याची वेळ क्वचितच येते, कारण तेथे मल्लाची पाठ मातीला लागली, म्हणजे तो चितपट झाला, की निकाल लागतो आणि कुंडलसारख्या मैदानात तो हजारो डोळ्यांनी पाहिलेला असतो. गादीवरच्या, म्हणजे मॅटवरच्या कुस्तीत मात्र प्रत्येक डावाला गुण असतात आणि एका टांगेचे दोन गुण धरायचे की चार, यावर मल्लाच्या वर्षभराच्या मेहनतीचे फळ ठरते.

म्हणून आंतरराष्ट्रीय नियमांत ‘चॅलेंज’ ही दाद मागण्याची सोय ठेवलेली आहे. गुण फलकावर लागल्यापासून पाच सेकंदांच्या आत प्रशिक्षकाने हातातली स्पंजाची मऊ वस्तू मॅटवर टाकायची असते. मल्लाला ती हरकत नको असेल तर तो नाकारू शकतो, हवी असेल तर चित्रफीत पाहून निर्णय होतो, आणि हरकत फेटाळली गेल्यास प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळून त्या कुस्तीपुरता पुन्हा दाद मागण्याचा हक्क संपतो. विजेता जाहीर झाल्यावर निकाल बदलत नाही.

हक्क मल्लाचा असला तरी तो वेळेवर बजावणारा माणूस कडेला उभा असावा लागतो, हे कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांच्या बाबतीत फार कटू रीतीने दिसले. ऑलिंपिकच्या निवडीच्या वेळी एका गुणाने डावलले गेल्यावर त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावून घेतली आणि ती जिंकली, असे सांगितले जाते. परंतु 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये, बँटमवेट गटात जपानच्या शोहाची इशी यांच्याशी झालेली दमछाक करणारी कुस्ती हरल्यावर, त्यांना लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव यांच्यासमोर उभे राहण्यास सांगण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्धा तास विश्रांती देण्याचा नियम होता; तो दाखवून हरकत नोंदवायला मात्र भारतीय पथकाचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता, आणि ही उणीव अक्षम्यच म्हटली पाहिजे. खाशाबा थकल्या अंगाने उतरले आणि हरले. इशींना सुवर्ण, मम्मदबेयोव यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले, जे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होते.