विश्लेषण : जॅक्सनच्या बर्फात हजारो एल्कना चारा का घातला जातो? तो थांबवणे अवघड का?

अमेरिकेतील वायोमिंग राज्यातले जॅक्सन हे छोटे शहर हिवाळी सहलीसाठी जोडप्यांच्या पसंतीचे. सकाळी बर्फात मूस आणि बायसन शोधायचे, दुपारी घोड्यांच्या स्लेजमधून एल्कच्या कळपात फिरायचे आणि संध्याकाळी शिंगांच्या कमानीखाली छायाचित्र काढायचे, असा इथला एका दिवसाचा ठरलेला बेत. मात्र या दिवसातले सर्वांत देखणे दृश्य, म्हणजे पांढऱ्या कुरणात विसावलेले हजारो एल्क, पूर्णपणे निसर्गाची करणी नाही. त्यामागे माणसाने शंभरहून अधिक वर्षे घातलेला चारा आहे. आता हाच चारा कळपाच्या जिवावर उठेल, अशी भीती आहे.

जॅक्सन नेमके कुठे आहे?

टेटन पर्वतरांगेच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० मीटर उंचीवर हे शहर वसले आहे. चहूबाजूंनी डोंगर असलेल्या खोऱ्याला पूर्वीचे फासेपारधी ‘होल’ म्हणत. त्यावरून हे खोरे ‘जॅक्सन होल’ झाले. उत्तरेला ग्रँड टेटन आणि त्यापलीकडे यलोस्टोन ही राष्ट्रीय उद्याने आहेत. इथला विमानतळ तर ग्रँड टेटन उद्यानाच्या हद्दीतच आहे. जानेवारीत पहाटेचे तापमान अनेकदा उणे १५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते.

एका दिवसात काय पाहता येते?

हिवाळ्यात उद्यानातील टेटन पार्क रस्त्याचा मोठा भाग गाड्यांसाठी बंद असतो आणि तिथे लोक स्कीवरून किंवा पायी फिरतात. मुख्य महामार्ग मात्र सुरू असतो. त्यालगतच्या झुडपाळ माळावर मूस आणि बायसन दिसतात. शहराला लागून असलेल्या ‘नॅशनल एल्क रेफ्यूज’ या अभयारण्यात डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत स्लेजची सुमारे तासाभराची फेरी असते. अभयारण्यातल्या रस्त्यालगतच्या टेकडीवर बिगहॉर्न मेंढ्या असतात. मिठाच्या ओढीने त्या थांबलेल्या गाड्याही चाटतात.

एल्क शहराच्या वेशीवर का येतात?

एल्क हा सांबराच्या कुळातला मोठा प्राणी. उन्हाळ्यात तो उंच डोंगरांत चरतो आणि बर्फ वाढले की खाली उतरतो. शहर आणि पशुपालकांची कुरणे नेमकी त्याच्या हिवाळी चराईच्या जागेवर उभी राहिली. एल्क खाली येत राहिले, पण गवताची जागा आक्रसली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या कडक हिवाळ्यांत ते मोठ्या संख्येने उपासमारीने मेले. स्थानिक पशुपालक स्टीफन लीक यांनी टिपलेली या मरणाची छायाचित्रे देशभर पोहोचली. लोकांनी चाऱ्यासाठी पैसे जमवले, सरकारने हात दिला आणि १९१२ मध्ये हे अभयारण्य स्थापन झाले. तेव्हापासून मोजके हिवाळे वगळता एल्कना चारा दिला जातो. पूर्वी वाळलेले गवत असे, आता अल्फाल्फाच्या दाबून बनवलेल्या गोळ्या असतात.

मग धोका कोणता?

धोका आहे दाटीचा. एरवी विखरून चरणारे एल्क चाऱ्याच्या ओळींपाशी खेटून उभे राहतात. त्यामुळे ब्रुसेलोसिससारखे रोग पसरतात. त्याहून गंभीर आहे ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’. हरीणवर्गीय प्राण्यांच्या मेंदूवर आघात करणारा हा रोग प्रिऑन या विकृत प्रथिनामुळे होतो. प्राणी खंगत जातो आणि मरतोच. यावर औषध नाही की लसही नाही. लाळ, मूत्र आणि विष्ठेतून प्रिऑन जमिनीत जातात आणि तिथे अनेक वर्षे टिकतात. म्हणजे दरवर्षी जिथे चारा टाकायचा, ती जमीनच रोगाचे आगर बनू शकते. डिसेंबर २०२० मध्ये ग्रँड टेटन उद्यानातील एका एल्कमध्ये या रोगाचे निदान झाले आणि आजवरची शंका दारात येऊन ठेपली. माणसाला याची लागण झाल्याचे सिद्ध झालेले नाही, तरी बाधित प्राण्याचे मांस खाऊ नये, असा आरोग्य यंत्रणांचा सल्ला आहे.

चारा लगेच का थांबवत नाहीत?

कारण चारा थांबवला तर पहिल्याच कडक हिवाळ्यात अनेक एल्क दगावतील. उरलेले पशुपालकांच्या गंजींवर आणि रस्त्यांवर येतील, गुरांना रोग देतील किंवा गाड्यांखाली येतील. कळप घटला तर शिकारीवर आणि पर्यटनावर पोट असणाऱ्यांनाही झळ बसेल. २००७ च्या व्यवस्थापन आराखड्यात चाऱ्यावरच्या एल्कची संख्या सुमारे ५,००० पर्यंत खाली आणण्याचे उद्दिष्ट ठरले. पण चारा बंद करण्याची तारीख त्यात नव्हती. त्याविरोधात पर्यावरण संघटना न्यायालयात गेल्या. २०११ मध्ये अपील न्यायालयाने आराखडा कायम ठेवला. थोडक्यात, चारा दिला तर उद्याचे संकट आणि बंद केला तर आजचे, असा हा पेच आहे.

पर्यटकांनी काय लक्षात ठेवावे?

उद्यानात अस्वल आणि लांडग्यांपासून किमान ९१ मीटर, तर एल्क, मूस आणि बायसनपासून किमान २३ मीटर अंतर राखणे बंधनकारक आहे. बर्फात प्रत्येक पाऊल टाकायला प्राण्याला जास्त शक्ती लागते. छायाचित्रासाठी त्याला पळवले, तर हिवाळ्यासाठी साठवलेली चरबी वाया जाते. मेंढ्यांना गाडी चाटू देऊ नये, असे अभयारण्याचे सांगणे आहे. शहरातील चौकाच्या चार कोपऱ्यांतल्या कमानी मात्र शिकारीच्या नाहीत. नर एल्क दरवर्षी शिंगे टाकतो. अभयारण्यातली ही गळालेली शिंगे बॉय स्काउट गोळा करतात, मे महिन्यात त्यांचा लिलाव होतो आणि त्यातला मोठा वाटा अभयारण्याला मिळतो. जोडप्यांच्या छायाचित्रांतली ही कमान नव्या शिंगांनी पुन्हा बांधता येते. प्रिऑन मुरलेली जमीन मात्र तशी बदलता येत नाही, आणि चाऱ्याचा निर्णय लांबवण्याची खरी किंमत हीच आहे.