हंसराजाची निगा

मोर्चे काढणाऱ्या आम्ही मंडळींनी नाजूक नेच्याविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण ओलाव्यावाचून जगणे किती कठीण, हे धाराशिव जिल्ह्यास निराळे सांगावयास नको.

हंसराज नावाचा नेचा पावसाळ्यात जुन्या विहिरींच्या चिऱ्यांत, ओढ्याकाठच्या सावलीत उगवतो. त्यास फूल नाही, बी नाही. पानाच्या दुमडलेल्या कडेखालील बीजाणूंवर त्याचा वंश चालतो. पान इतके पातळ, की कोरड्या वाऱ्याने ते करपते.

१८२९ च्या सुमारास लंडनच्या धुरकट वस्तीत डॉ. नॅथॅनियल वॉर्ड यांचे नेचे मरत; परंतु झाकलेल्या बाटलीतील ओल्या मातीत एक नेचा आपोआप उगवला. आतली वाफ काचेवर जमून पुन्हा मातीत उतरत होती. मर्म हेच: नुसते पाणी नव्हे, हवेतला ओलावा हवा.

आमची पहिली कुंडी उन्हाने गेली. दुसरीची मुळे अति पाण्याने कुजली. तिसरी पाझरणाऱ्या रांजणाशेजारी ठेवली, ती टिकली. कुजलेला पाला, वाळू व माती समभाग घ्यावी. कुंडी ओल्या वाळूच्या परातीत ठेवावी. उजेड असावा, ऊन नसावे. ओल असावी, चिखल नसावा. पंख्याचा वारा टाळावा. वाळलेली पाने बुडाशी कापावीत. मूळखोड जिवंत असल्यास नवे कोंब येतात.

रोप विहिरीच्या भिंतीतून उपटू नये, रोपवाटिकेतून आणावे. आणि टँकरपुढे घागरींची रांग असेल, तेव्हा भाजी धुतलेले पाणीच त्यास घालावे. माणसाच्या तोंडचे पाणी काढून घराची शोभा वाढविणे आम्हांस मंजूर नाही.