कांचेच्या मण्यांतील उसना उजेड

नांदेड जिल्ह्यांत माळेगांवीं खंडोबाची यात्रा मार्गशीर्षांत भरते. तेथील घोड्या-गाढवांचा बाजार जसा प्रसिद्ध, तशींच मण्या-माळांचीं पालेंही बायकामुलांच्या आवडीचीं. गेल्या यात्रेंत आमच्या नातीसाठीं तेथून कांचेच्या मण्यांची एक माळ आली. दिवसां ते मणी फिकट व दुधाळ दिसत. पण रात्रीं दिवा मालवतांच त्यांतून मंद हिरवा उजेड फांकूं लागला. पोरीच्या आनंदास पार राहिला नाहीं. सूनबाईच्या कपाळास मात्र आठी पडली. "मामंजी, ह्यांत रेडियम असतें ना? मुलीच्या गळ्यांत हें घालूं द्यावें का?" असें तिनें आम्हांस विचारलें. हा प्रश्न अनेक घरीं निघत असेल, म्हणून त्याचें उत्तर येथें थोडें विस्तारानें देण्याचें योजिलें आहे.

प्रथम शब्दाचा घोळ निस्तरूं. आमच्या नांदेड-लातूरकडे उसाच्या ट्रॉलीमागील लाल पट्ट्या, गाडीच्या नंबराचीं चकचकीत अक्षरें आणि रात्रीं चमकणारी माळ, ह्या सर्वांस सरसकट 'रेडियम' म्हणतात. वस्तुतः हीं तीन निरनिराळीं प्रकरणें आहेत. ट्रॉलीची पट्टी मागून येणाऱ्या गाडीच्या दिव्याचा प्रकाश केवळ परत फिरविते. दिवा नसेल तर तीही काळीच. माळेंतील पूड आधीं पडलेला प्रकाश साठवून मागाहून देते. ह्या गुणास स्फुरदीप्ति म्हणतात. खरें रेडियम ह्या दोहोंहून वेगळें. त्याचे किरण त्याच्या स्वतःच्या अणूंच्या विघटनांतून निघतात आणि ते देहास घातक असतात.

आपोआप उजळणाऱ्या वस्तूंचें आकर्षण जुनें आहे. कुमारसंभवाच्या आरंभीं कालिदासानें हिमालयावरील, तेलावांचून रात्रीं दिव्याचें काम करणाऱ्या औषधींचा उल्लेख केला आहे. ती कविकल्पना म्हणून बाजूस ठेवली, तरी इटलींतील बोलोन्या नगराची हकीकत इतिहासांत नमूद आहे. तेथील विंचेन्झो काश्यारोलो नांवाच्या, पादत्राणें शिवणाऱ्या व किमयेचा नाद असलेल्या कारागिरानें १६०२ च्या सुमारास जवळच्या डोंगरांतील एक जड दगड कोळशाबरोबर भाजला. सोनें कांहीं झालें नाहीं. पण उन्हांत ठेवलेला तो दगड अंधारांत चमकूं लागला.

रेडियमची कथा दुःखद आहे. मारी व पिएर क्यूरी ह्या दांपत्यानें १८९८ सालीं हें मूलद्रव्य शोधून काढलें. त्याच्या किरणांचा मारा झिंक सल्फाइड ह्या जस्ताच्या संयुगावर झाला म्हणजे तें चमकतें. हीं दोन द्रव्यें मिसळून केलेला रंग घड्याळांच्या तबकड्यांवर देऊं लागले. अमेरिकेंत न्यू जर्सी येथील कारखान्यांत १९१७ पासून तरुण मुली हें काम करीत. कुंचल्यास टोंक यावें म्हणून तो ओठांत धरावयास त्यांना शिकविलें होतें, आणि प्रत्येक खेपेस थोडें रेडियम पोटांत जाई. त्याचा गुण कॅल्शियमसारखा असल्यामुळें शरीर तें हाडांत साठवी. जबडे कुजले, कित्येक जणी अकालीं दगावल्या. त्यांपैकीं पांच जणींनीं लावलेल्या दाव्यांत १९२८ सालीं तडजोड होऊन त्यांना भरपाई मिळाली. तेव्हां सूनबाईची भीति निराधार नाहीं. भीतीनें फक्त घर चुकविलें आहे.

आजच्या चमकत्या पुडींत रेडियम नसतें. पूर्वीं तांब्याचा अंश घातलेलें झिंक सल्फाइड वापरीत. त्याचा उजेड फार वेळ टिकत नसे. पुढें जपानांत नेमोटो कंपनीच्या संशोधकांनीं स्ट्रॉन्शियम अल्युमिनेटमध्यें युरोपियम व डिस्प्रोशियम ह्यांचा अल्प अंश घालून नवी पूड सिद्ध केली, आणि १९९६ सालीं तिचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालें. प्रकाश पडला म्हणजे ह्या पुडींतील विद्युत्कण उत्तेजित होतात व त्यांतील कांहीं स्फटिकांतील जणूं खळग्यांत अडकून पडतात. खोलींतल्या साध्या उष्णतेनें ते एकेक सुटतात आणि परततांना हिरवा प्रकाश सोडतात. बँकेंतील ठेव हप्त्याहप्त्यानें परत मिळावी, तसा हा व्यवहार! पहिले हप्ते मोठे; पुढें उतरत उतरत पहांटे अगदीं अंधुक. स्ट्रॉन्शियमचें नांव ऐकून कोणास अणुबाँबच्या राखेंतील स्ट्रॉन्शियम-९० आठवेल. पण पुडींतील स्ट्रॉन्शियम निसर्गांत सांपडणारें, स्थिर व किरणोत्सर्ग न करणारें आहे.

पूड नवी, पण कांचेचा मणी आमच्या भागास नवा नाहीं. लातूरच्या पश्चिमेस, धाराशिव जिल्ह्यांत तेरणेच्या कांठीं तेर गांव आहे. हेंच प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील 'पेरिप्लस' ह्या ग्रीक ग्रंथांत त्याचें नांव येतें; तेथील माल गाड्यांतून भडोच बंदराकडे जाई. तेरच्या पांढरींत कांचेचे, शंखाचे व रंगीत दगडांचे मणी सांपडले आहेत. रामलिंगप्पा लामतुरे ह्यांच्या संग्रहांतून उभें राहिलेलें वस्तुसंग्रहालय तेथें आहे. वाचकांनीं मुलांना घेऊन तें अवश्य पाहावें. आज मात्र कांचमण्यांच्या धंद्यासाठीं उत्तरेकडील पुरदिलनगर व वाराणसी हीं गांवें प्रसिद्ध आहेत.

हातानें मणी करणारा कारागीर कांचेची कांडी ज्योतींत मऊ करून, माती लावलेल्या लोखंडी सळईभोवतीं ती गुंडाळतो. ही पूड कांचेंत विरघळत नाहीं. तिचे कण तसेच राहतात. म्हणून मऊ मणी पुडींत लोळवून त्यावर पारदर्शक कांचेचें वेष्टन चढवावें लागतें. ओलाव्यानें पूड बिघडते, तिचें ह्या वेष्टनानें रक्षण होतें. शिवाय ती अंगास लागत नाहीं. खरी परीक्षा आंचेची. युरोपियम ज्या अवस्थेंत हिरवा उजेड देतें, ती प्रखर आंचेंत हवेशीं संयोग होऊन पालटते. मग मणी दिसावयास सुंदर, पण रात्रीं आंधळा! म्हणून ज्योत सौम्य ठेवून काम झटपट उरकावें लागतें. पूड फार बारीक वाटली तर उजेड घटतो, फार घातली तर मणी तडकतो. शेवटीं पांचशें अंशांच्या आसपास तापलेल्या भट्टींत ठेवून मणी सावकाश निववावा लागतो. काळी कांच प्रकाश आंतही घेत नाहीं व बाहेरही सोडीत नाहीं. तेव्हां मंगळसूत्राच्या काळ्या मण्यांत ही पूड घालणें व्यर्थ होय. हा उद्योग घरीं करूं इच्छिणाऱ्यांनीं सुटी पूड श्वासांत जाऊं देऊं नये.

सूनबाईची खात्री पटावी म्हणून आम्ही एक प्रयोग केला. माळ पत्र्याच्या डब्यांत घालून पांच दिवस कपाटांत ठेविली. सहाव्या रात्रीं अंधारांत डबा उघडला, तों मणी दिसेनात. मग ती पांच मिनिटें दिव्याखालीं धरली आणि पुन्हां पूर्ववत् उजळली. उजेड उसना होता हें सिद्ध झालें. रेडियमचा असता तर त्यास दिव्याची वाट पाहावी लागली नसती. माळ नातीस परत मिळाली. धाकट्या रांगत्या भावाच्या हातीं ती द्यावयाची नाहीं, एवढीच ताकीद दिली. कारण मणी कोणताही असो, लहान मुलाच्या घशांत तो अडकूं शकतो.

ह्या निमित्तानें आम्हांस आमच्या वडिलांचें मनगटी घड्याळ आठवलें. लहानपणीं त्याचे आंकडे रात्रीं हिरवे चमकत. पुढें ते चमकेनासे झाले, म्हणून तें निरुपद्रवी समजून ट्रंकेंत पडलें होतें, आणि मुलें तें खेळावयास मागत. १९६० पूर्वींच्या अशा चमकत्या घड्याळांत बहुधा रेडियमच असे. थकतें तें झिंक सल्फाइड. रेडियम निम्में होण्यास सुमारें १६०० वर्षें लागतात. बंद घड्याळ कपाटांत असल्यानें घाबरून जाण्याचें कारण नाहीं. मात्र त्याची कांच उघडूं नये, तबकडी खरवडूं नये, तें मुलांच्या हातीं देऊं नये, आणि दुरुस्तीस देतांना कारागिरास आधीं सांगावें.

नातीची माळ आतां रोज सायंकाळीं दिव्याजवळ टांगलेली असते. वडिलांचें घड्याळ आम्ही ट्रंकेंतून काढून वरच्या फडताळांत कुलपांत ठेविलें आहे.