ध्वनी डॉप्लर प्रवाहमापक : ध्वनिवेग व रोख यांची मांडणी

ध्वनी डॉप्लर प्रवाहमापक हे निरनिराळ्या खोलींवरील पाण्याच्या प्रवाहाचा वेग व दिशा मोजणारे उपकरण आहे. 'एडीसीपी' या संक्षिप्त नावाने ते अधिक परिचित आहे. ते तिरक्या शलाकांतून ध्वनिस्पंद सोडते व पाण्यातील सूक्ष्म कणांवरून आणि प्लवकांवरून परतणाऱ्या प्रतिध्वनीच्या वारंवारतेतील फरकावरून प्रवाहाचा वेग काढते. या गणितासाठी पाण्यातील ध्वनीचा वेग आणि उपकरणाचा रोख, म्हणजे ते कोणत्या दिशेला तोंड करून आहे, हे ठाऊक असावे लागते. यांची मूल्ये चुकीची भरली तरी उपकरण बंद पडत नाही. आकडे नेहमीसारखेच नीटनेटके उमटतात.

== पर्यावरणविषयक मूल्ये ==

ध्वनिवेग तापमान, लवणता व खोली यांवर अवलंबून असतो. समुद्रात तो सेकंदाला सुमारे १५०० मीटर असतो. ध्वनिस्पंद सोडणाऱ्या ट्रान्सड्यूसरजवळचा संवेदक तापमान मोजतो. दाबमापक बसवलेला असल्यास खोलीही कळते. लवणता मात्र सहसा वापरणाऱ्यानेच भरावी लागते. समुद्रासाठी ती दर हजारी ३५ धरतात. तापमान २० अंश सेल्सिअस असताना अशा पाण्यात पृष्ठभागाजवळ ध्वनिवेग सुमारे १५२२, तर गोड्या पाण्यात सुमारे १४८२ मीटर असतो. म्हणून समुद्रासाठीचे मूल्य तसेच ठेवून नदीत मोजणी केल्यास प्रवाह सुमारे पावणेतीन टक्क्यांनी अधिक वेगवान दिसतो. गोव्यातील मांडवीच्या मुखाशी उन्हाळ्यात खारे पाणी असते, तर पावसाळ्यात पुराचे गोडे पाणी पसरते. तेथे वर्षभर एकच आकडा चालत नाही.

खोलीनुसार ध्वनिवेग बदलत असला, तरी आडव्या प्रवाहाच्या मापनावर त्याचा परिणाम होत नाही. पाण्याचे थर आडवे असतील, तर स्नेलच्या नियमानुसार शलाका जितकी वळते त्याच प्रमाणात ध्वनिवेगही बदललेला असतो. त्यामुळे ट्रान्सड्यूसरजवळचे मूल्य पुरते. ते चुकले असल्यास खरा व भरलेला ध्वनिवेग यांच्या गुणोत्तराने नोंदी मागाहून दुरुस्त करता येतात.

== रोख ==

उपकरणातील होकायंत्र चुंबकीय उत्तर दाखवते. भौगोलिक उत्तरेपासूनचा तिचा कोन म्हणजे चुंबकीय दिक्पात. मुंबईत तो एक अंशाहून कमी आहे, पण अमेरिकेतील सिअ‍ॅटलजवळ सुमारे १५ अंश पूर्वेस आहे. तेथे दिक्पात न भरल्यास सेकंदाला १ मीटर वेगाच्या उत्तरवाही प्रवाहातून २६ सेंटिमीटरचा खोटा पश्चिमवाही घटक निर्माण होतो. पूर्वेकडील दिक्पात सहसा धन मानतात. तो उपकरणात भरून पुढे संगणकप्रणालीतही मिळवला, तर दुरुस्ती दोनदा होते. ही चूक वाटते त्याहून सहज घडते. अर्थात दिक्पाताची चूक ठाऊक झाल्यास सर्व नोंदी त्या कोनातून फिरवता येतात.

लोखंडी चौकट किंवा बॅटऱ्या यांमुळे होकायंत्रात येणारी चूक मात्र रोखानुसार बदलते आणि एकाच आकड्याने निघत नाही. यासाठी बॅटऱ्या बदलल्यावर, शक्यतो त्याच चौकटीत, उपकरण सावकाश पूर्ण फिरवून होकायंत्राचे अंशशोधन करतात.

जहाजावर रोख बहुधा जायरो होकायंत्राकडून किंवा उपग्रहाधारित यंत्रणेकडून घेतात. तेथे दिक्पाताचा प्रश्न उरत नाही, पण ट्रान्सड्यूसर जहाजाच्या मध्यरेषेशी किती कोनात बसवला आहे हे भरावे लागते. सेकंदाला ५ मीटर वेगाने जाणाऱ्या जहाजावर या कोनात एका अंशाची चूक झाली, तर सुमारे ९ सेंटिमीटरचा आडवा प्रवाह नसताना दिसतो. खुल्या समुद्रातील अनेक प्रवाह मुळात एवढेच असतात. हा कोन तपासण्यासाठी उथळ पाण्यात तळाच्या प्रतिध्वनीवरून मिळालेली जहाजाची गती जीपीएसच्या गतीशी ताडून पाहतात.